तुरुंगाच्या दाराबाहेरचा सोबती : फ्रेडरिक बूथ-टकर ह्यांचे चरित्र

तुरुंगाकडे जाणाऱ्या मनुष्याबरोबर पुष्कळ जण चालतात. शिपाई असतो, वकील असतो, रडणारी आई असते, आणि दुरून पाहणारा सारा गाव असतो. परंतु शिक्षा भोगून जो बाहेर येतो तो बहुधा एकटाच येतो. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाचे किंवा अकोल्याच्या जिल्हा कारागृहाचे दार त्याच्या पाठीमागे बंद होते. हातात कपड्यांचे गाठोडे असते, कनवटीस वाटखर्चापुरते पैसे असतात, आणि स्टेशनावर येऊन तो विचारात पडतो की आता कोणत्या गाडीत बसावे. गावचे घर पावसाने खचलेले असते. शेत भावाने वाहून आपलेसे केलेले असते. बायको मुलांस घेऊन माहेरी गेलेली असते. गावास त्याचा गुन्हा आठवतो, पण त्याने तो फेडला हे आठवत नाही. अशा मनुष्यास पहिल्या रात्री छप्पर कोण देतो ह्यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. भल्या माणसाने दिले नाही, तर जुने सोबती देतात. त्यांचे दार रात्री उशिरापर्यंत उघडेच असते.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस हा विषय परका नाही. म्हणून ज्याने ह्याच कामात आयुष्याचा मोठा भाग घातला, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव फ्रेडरिक बूथ-टकर. आपल्या देशात तो फकीर सिंग ह्या नावाने वावरला. त्याच्या चरित्रात अनुकरण करण्याजोगे पुष्कळ आहे. आणि सावध होण्याजोगेही आहे. दोन्ही आम्ही सांगणार आहो.

टकर ह्यांचा जन्म २१ मार्च १८५३ रोजी बिहारातील मुंगेर येथे झाला. घराणे मोठे व सरकारदरबारी वजन असलेले होते. आजोबा ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले होते व वडील हिंदुस्थानातील मुलकी नोकरीत होते. मुलाने इंग्लंडात चेल्टनहॅम येथे शिक्षण घेतले, मुलकी नोकरीची अवघड परीक्षा दिली व तीत तो उत्तीर्ण झाला. ह्याच दिवसांत, १८७५ साली, लंडन शहरी अमेरिकन उपदेशक मूडी ह्यांच्या सभा चालल्या होत्या. त्या सभांत ह्या तरुणाचे अंतःकरण पालटले. पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात परत आला आणि पंजाबात असिस्टंट कमिशनरच्या हुद्द्यावर रुजू झाला.

ह्या हुद्द्याबरोबर मॅजिस्ट्रेटचा अधिकारही असे. खेड्यातला गरीब मनुष्य कोर्टात कसा थरथरत उभा राहतो, दंड भरण्यास पैसा नाही म्हणून कैदेत कसा जातो, आणि एकदा गेलेला पुन्हा पुन्हा कसा येतो, हे अशा खुर्चीवर बसणाऱ्यास रोज दिसते. बहुतेक अधिकारी ते पाहतात आणि पुढचा कागद हाती घेतात. टकर ह्यांस ते साधले नाही. कचेरीचे काम आटोपल्यावर ते बाजारात व गावोगाव उपदेश करीत. वरिष्ठांस ते रुचत नसे. पण टकर ह्यांच्या मनाला टोचणारी गोष्ट वेगळीच होती. साहेब घोड्यावर बसून आला व झाडाखाली खुर्ची टाकून बोलू लागला, तर ऐकणारा हात जोडतो, मान हलवितो आणि घरी जातो. उंचावरून टाकलेला शब्द खाली पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले.

अशा वेळी इंग्लंडात जनरल विल्यम बूथ ह्यांनी चालविलेल्या मुक्तिफौजेचे वर्तमानपत्र त्यांच्या हाती पडले. ही फौज म्हणजे तलवारबंदुकीची नव्हे. लंडनच्या अतिशय दरिद्री वस्त्यांत जाऊन दारुडे, बेकार, पतित स्त्रिया व सुटलेले कैदी ह्यांच्यामध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती सेवकांचा तो संघ होता. टकर रजा घेऊन विलायतेस गेले, त्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले, आणि १८८१ साली नोकरीचा राजीनामा दिला. मोठा पगार गेला, पुढे मिळावयाचे पेन्शनही गेले. नातलगांस हे वेडेपण वाटले. त्यांच्या पत्नी लुइझा मात्र त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी टकर तिघा सोबत्यांसह मुंबई बंदरात उतरले. इंग्लंडाहून फौज येत आहे अशी वार्ता आधीच पसरली होती, म्हणून पोलीस बंदोबस्त करून वाट पाहत होते. आणि उतरली ती चार माणसे, त्यांतही एक बाई! तरीही अधिकाऱ्यांचा संशय गेला नाही. वाद्ये वाजवीत रस्त्याने मिरवणूक काढली तर शहरात दंगा होईल, असे म्हणून मनाई करण्यात आली. टकर ह्यांनी ती मानली नाही. इतर धर्मांच्या मिरवणुका ह्याच रस्त्यांवरून जातात, मग आमच्याच का नकोत, असा त्यांचा मुद्दा होता. खटले झाले, दंड झाले, आणि अखेर १८८३ साली टकर ह्यांस एक महिन्याची कैद झाली. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन हे ख्रिस्ती नव्हते, तरी त्यांनी ह्या लोकांवर होणाऱ्या जुलुमाविरुद्ध आवाज उठविला, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने नमूद करितो.

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. जो मनुष्य काही वर्षांपूर्वी मॅजिस्ट्रेटचा अधिकार चालवीत होता, तोच आता कैदी होऊन तुरुंगाच्या दारातून आत गेला. महिना ही काही मोठी मुदत नव्हे, आणि त्यांची वाट पाहणारे सोबती बाहेर होते. तथापि दाराच्या दोन्ही बाजूंनी तुरुंग पाहिलेले अधिकारी त्या काळी फार थोडे असतील. पुढे कैद्यांसाठी ज्या मनुष्याने इतके केले, त्याची ही शाळा अल्प मुदतीची असली तरी खरी होती, असे आम्हांस वाटते.

टकर ह्यांनी आपली राहणीच पालटली. पायांतील बूट गेले, भगवी वस्त्रे व पागोटे आले, आणि फकीर सिंग हे नाव त्यांनी घेतले. ते व त्यांचे सोबती अनवाणी फिरत, गरिबांच्या झोपडीत उतरत आणि लोकांनी दिलेली भाकर खात. गुजराथेत व दक्षिणेत पुष्कळ गावी त्यांचे काम पसरले. ह्या राहणीची किंमतही त्यांनी भरली. उन्हाने, तापाने व पटकीने कित्येक तरुण सेवक गेले. टकर ह्यांच्या पत्नी लुइझा १८८७ साली निवर्तल्या. पुढील वर्षी जनरल बूथ ह्यांची कन्या एमा हिच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि तेव्हापासून ते बूथ-टकर असे दोन्ही घराण्यांचे नाव लावू लागले.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. मुक्तिफौजेचे तुरुंगाच्या दारावरील काम ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी सुरू झाले. १८८३ सालच्या डिसेंबर महिन्यात जेम्स बार्कर नावाच्या अधिकाऱ्याने कार्लटन ह्या भागात एक लहानसे घर भाड्याने घेतले व सुटलेल्या कैद्यांस तेथे ठेवून घेण्यास प्रारंभ केला. ह्या कामाची रीत अगदी साधी होती. सुटकेच्या दिवशी पहाटे सेवकाने तुरुंगाच्या दाराशी हजर राहावयाचे. कारण त्याच दाराशी जुने सोबतीही हजर असत, आणि दोघांपैकी जो आधी हाक मारी त्याच्याकडे सुटलेला मनुष्य बहुधा जाई. घरी आणून त्यास अंघोळ, जेवण व अंथरूण द्यावयाचे. मग काम शोधावयाचे. उपदेश ह्यांच्या मागून येई. उपाशी व बेघर मनुष्यास आधी उपदेश करणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे.

लवकरच सिलोनात कोलंबो येथेही हे काम निघाले. १८९० साली जनरल बूथ ह्यांनी इंग्लंडातील दारिद्र्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा बूथ-टकर ह्यांनी त्याला जोड म्हणून ‘डार्केस्ट इंडिया’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या देशातील भुकेलेले, कर्जात बुडालेले, भिकारी, दुष्काळाने देशोधडीस लागलेले व तुरुंगातून सुटलेले लोक, ह्यांच्यासाठी काय करता येईल ह्याची योजना त्यात मांडली आहे. अन्नाची दुकाने, कामगार मिळवून देणारी कचेरी, तुरुंगाच्या दारावरील पथक, आणि शेवटी पडीक जमिनीवर वसविलेल्या शेतकरी वसाहती, अशी ती एकामागून एक पायऱ्यांची रचना होती. तिच्यामागील विचार असा की मनुष्यास नुसते वर ओढून चालत नाही. त्याने पाय ठेवावा अशी पुढची पायरीही तयार असली पाहिजे. आज जेवण, उद्या काम, परवा छप्पर, आणि अखेरीस स्वतःचा जमिनीचा तुकडा.

१८९६ पासून १९०४ पर्यंत बूथ-टकर व एमाबाई अमेरिकेतील मुक्तिफौजेचे पुढारी होते. तेथे त्यांनी ही योजना प्रत्यक्षात आणून पाहिली. शहरातील बेकार कुटुंबांस खेड्यातील जमिनीवर नेऊन वसविण्यासाठी कॅलिफोर्निया, कोलोराडो व ओहायो ह्या तीन प्रांतांत वसाहती उभारल्या. जमीन, घर, जनावरे व अवजारे उधारीने द्यावयाची आणि पिकातून हप्त्याहप्त्याने फेड करून घ्यावयाची, म्हणजे घेणाऱ्याचा मान राहतो व तो मालक होतो, असा नियम होता. भीक म्हणून दिलेले घर मनुष्यास वाकवून ठेवते. फेडून घेतलेले घर त्याला ताठ उभे करिते.

ह्या वसाहतींचे सर्वच चांगले झाले असे नाही. कोलोराडोतील वसाहतीच्या जमिनीत पाणी मुरून क्षार वर येऊ लागला. मोठ्या आशेने आणलेली कुटुंबे खाऱ्या मातीपुढे हरली आणि काही वर्षांनी ती वसाहत मोडावी लागली. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जे आमचे बंधू शेती करितात, त्यांस हे दुःख समजावून सांगावयास नको. सदिच्छा कितीही असली तरी जमीन कशी आहे हे आधी पाहावे लागते. ह्याच वसाहतीची पाहणी करून परत येत असता २८ ऑक्टोबर १९०३ रोजी मिसूरी प्रांतात आगगाडीस अपघात होऊन एमाबाई मरण पावल्या. त्या पतीस भेटण्यासाठी शिकागोकडे निघाल्या होत्या. बूथ-टकर ह्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा घाव होता. परंतु ते पुन्हा उभे राहिले आणि १९०७ साली हिंदुस्थानातील कामाची सूत्रे त्यांनी दुसऱ्यांदा हाती घेतली.

ह्या दुसऱ्या खेपेच्या कामाविषयी फार तोलून बोलावे लागते. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. अशा घरी जन्मलेल्या मनुष्याने चोरी केली असो वा नसो, त्याचे नाव पोलिसांच्या पटावर चढे. १९०८ साली संयुक्त प्रांताच्या सरकारने गोरखपूर येथील डोम लोकांची व्यवस्था बूथ-टकर ह्यांच्या हाती दिली. तोपर्यंत ह्या लोकांची गाठ पोलिसांशीच होती. तुरुंगातून सुटून ते येत व पुन्हा तुरुंगात जात. मुक्तिफौजेच्या सेवकांनी त्यांच्यात राहून घरे नीट केली, शाळा काढल्या, विणकाम व रेशमाचे काम शिकविले. गोरखपूरनंतर मुरादाबाद, बरेली अशा ठिकाणी वसाहती झाल्या. १९११ साली कायदा अधिक कडक होऊन देशभर लागू झाला, आणि दक्षिणेतही बापटल्याजवळ स्टुअर्टपुरम हे गाव ह्याच रीतीने वसले. १९१३ साली सरकारने बूथ-टकर ह्यांस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

ह्या वसाहतींत पुष्कळ मुले शिकली व पुष्कळ हात धंद्यास लागले, हे खरे आहे. ज्यांस कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या पंक्तीस बसणारे लोक तेथे होते, हेही खरे आहे. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने अर्धेच सत्य सांगू नये. मेलबर्नच्या घरात जो सुटलेला कैदी येई, तो आपल्या पायांनी येई व वाटेल तेव्हा जाई. ह्या वसाहतींत तसे नव्हते. येथे रोज हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून हद्दीबाहेर जाणे हाच गुन्हा होता. मुलांस आईबापांपासून दूर ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. आणि आत ठेवलेल्यांपैकी कित्येकांनी कोणताही अपराध केलेला नव्हता. जन्म हाच त्यांचा अपराध धरला गेला होता. तुरुंगाच्या दाराशी मोकळ्या झालेल्या माणसाची वाट पाहणारा सेवक येथे स्वतःच दुसऱ्या दाराची किल्ली हाती घेऊन बसला.

बूथ-टकर ह्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. तुरुंगापेक्षा वसाहत बरी, असे त्यांनी मानले. परंतु तुरुंगापेक्षा बरे ते सर्व न्याय्य असते असे नाही. केवळ त्यांनाच दोष देऊनही चालणार नाही, कारण आपल्या महाराष्ट्रात सोलापूर येथील तारांच्या कुंपणातली वसाहतही काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती, आणि त्या भागास लोक आजही सेटलमेंट असेच म्हणतात. स्वतंत्र हिंदुस्थानाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. कागदावरचा डाग पुसला गेला, पण लोकांच्या मनातला पुसला गेला नाही. वऱ्हाडात गावाबाहेर पालात राहणाऱ्या पारधी कुटुंबांस विचारा. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर जातो, आणि घरासाठी जागा मागितली की पहिला नकार कोणास मिळतो, हे ती सांगतील.

१९१९ साली बूथ-टकर हिंदुस्थान सोडून गेले. आपल्या कामाची हकीकत त्यांनी ‘मुक्तिफौज’ ह्याच नावाच्या पुस्तकात लिहून ठेविली. १७ जुलै १९२९ रोजी लंडन येथे त्यांचा अंत झाला. ज्याने मुंगेरास जन्म घेऊन, पंजाबात अधिकार गाजवून, मुंबईत कैद भोगून, गुजराथेत भाकर मागून खाल्ली, असा हा पुरुष शेवटपर्यंत सेवकच राहिला.

त्यांच्या मागून ह्या कामास आपल्याच प्रांतात वेगळे वळण लागले. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या अनुमतीने व मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश गृहस्थांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसविण्यात आली. तेथे खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसही भिंतीवाचून, कुटुंबासह व शेती करून राहू दिले गेले. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या चित्रपटाचे मूळ ह्याच प्रयोगात आहे. हल्ली आमच्या अमरावती जिल्ह्यातही मोर्शी येथे खुले कारागृह आहे. अमरावती शहरी ‘वऱ्हाड’ ह्याच नावाची संस्था बंदीजनांत व त्यांच्या कुटुंबांत काम करीत आली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचे परिविक्षा अधिकारी असतात. म्हणजे वाट अगदीच नाही असे नाही. वाट दाखविणारा मनुष्य हवा.

तो मनुष्य गावच्या मंडळीतून का निघू नये? ह्या चरित्रापासून आमच्या उपदेशकांनी व वडील मंडळींनी काय घ्यावे, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट ही की काम सुटकेच्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या आधी सुरू होते. गावचा कोणी आत असेल तर त्यास पत्र लिहावे, भेटीच्या दिवशी जावे, आणि सुटकेची तारीख विचारून ठेवावी. २०२२ अखेरच्या सरकारी गणनेप्रमाणे देशातील तुरुंगांत शंभरांपैकी सुमारे पंचाहत्तर जण कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता. तेव्हा जो आत गेला तो गुन्हेगारच, असे बोलण्याची घाई कोणी करू नये. आणि ठरल्या दिवशी कोणी तरी दाराशी जावे. एका मनुष्याच्या एका दिवसाच्या मजुरीचे ते काम आहे.

दुसरी गोष्ट, पहिल्या महिन्याचे छप्पर. मोठी इमारत नको. मंडळीतल्या कोणाच्या वाड्यातली रिकामी खोली, शेतातले टिनाचे घर, एवढे पुरे. भाडे ठरवावे, थोडे का होईना, व मजुरी लागल्यावर ते घ्यावे. फुकट ठेवलेला पाहुणा चार दिवसांनी जड वाटू लागतो. भाडेकरू तसा वाटत नाही. पुढे त्याचे स्वतःचे पडके घर उभे करावयाचे असेल तर सर्वांनी मिळून दोन दिवस हात लावावा.

तिसरी गोष्ट, कागद. बरीच वर्षे आत राहिलेल्या मनुष्याचे नाव शिधापत्रिकेतून गेलेले असते, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा दुसऱ्याच्या नावे झालेला असतो, आणि घरकुलाच्या यादीत तो कोठेच नसतो. हे अन्याय कोणी मुद्दाम करितोच असे नाही. जो हजर नसतो त्याचे नाव गळते. लिहितावाचता येणाऱ्या उपदेशकाने त्याच्याबरोबर तहसील कचेरीत दोन खेपा घातल्या, तर दहा प्रवचनांपेक्षा अधिक होईल.

चौथी गोष्ट, ज्याचे नुकसान झाले त्याचे घर. पुष्कळदा तेही त्याच गल्लीत असते. सुटून आलेल्यास मदत करिताना त्या घरास विसरले, तर आमची दया एका डोळ्याची होईल. खुनाचा किंवा अब्रूचा मामला असेल, तर त्या कुटुंबाच्या जखमेस मान देऊन सुटलेल्याची सोय काही काळ दुसऱ्या गावी करावी. क्षमा मागावयाची असेल तर योग्य वेळ पाहून व त्या घराची संमती घेऊन मागावी. क्षमा करा असे त्या कुटुंबास दटावण्याचा अधिकार आम्हांस नाही.

पाचवी गोष्ट बूथ-टकर ह्यांच्या चुकीतून शिकावयाची. छप्पर द्यावे, पण पहारा करू नये. सभेस आलास तर खोली, नाव बदललेस तर काम, अशी अट घातली की ते घर दुसरा तुरुंग झालेच. दारू पिऊन मारहाण करू नये, घरमालकाच्या मुलाबाळांस भय वाटू नये, एवढे नियम असावेत व ते आधी सांगावेत. परंतु तो कोठे जातो, कोणाशी बोलतो, ह्याची हजेरी घेत बसू नये. तो पडेल, कदाचित पुन्हा आतही जाईल. तेव्हा आमचे श्रम फुकट गेले असे मानू नये. पुन्हा सुटका होईल त्या दिवशी पुन्हा दाराशी जावे.

पवित्र शास्त्रात पौलाचे एक अगदी लहान पत्र आहे, फिलेमोनास लिहिलेले. अनेसिम नावाचा दास धन्याच्या घरून गेला होता. तो पौलास बंदिवासात भेटला आणि पालटला. पौल त्यास हाती पत्र देऊन परत धाडतो. ह्यास दास म्हणून नव्हे, बंधू म्हणून घे. ह्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावे मांड, अशा आशयाची विनंती तो करितो. हे आम्ही पुष्कळदा वाचतो. पण त्याच पत्राच्या शेवटी आणखी एक लहान मागणी आहे, तिच्याकडे आमचे लक्ष क्वचित जाते. पौल स्वतः बेड्यांत होता. आपली सुटका होईल अशी आशा त्यास होती, म्हणून आपल्या उतरण्यासाठी जागा तयार ठेवावी, असे त्याने फिलेमोनास कळविले. प्रेषितासही तुरुंगातून सुटल्यावर एका खोलीची गरज होती, आणि ती मागण्यास त्याला लाज वाटली नाही. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. तशा मंडळ्या आज वऱ्हाडात गावोगाव जमतात. त्यांच्यापैकी प्रत्येकीने अशी एक खोली झाडून तयार ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.